कपाटाच्या दारावरचा सामुराई

आमच्या हाऊसमधल्या एका छात्राच्या कपाटाच्या दारावर, आतल्या बाजूने, एक चित्र चिकटवलेले होते. पावसात एकटाच उभा असलेला सामुराई, हातात उपसलेली तलवार आणि मागे लाल सूर्य. कपाटाला काही चिकटवायचे नाही असा नियम आहे. पण रविवारच्या तपासणीत मी ते चित्र दर वेळी बघायचो आणि न बघितल्यासारखे करून पुढे जायचो. पंधरा वर्षांच्या मुलाने योद्ध्याचे चित्र लावले तर त्यात वाईट काय, असे मला वाटायचे.

गेल्या हिवाळ्यात तो आंतर-हाऊस क्रॉस कंट्रीत धावला. शेवटच्या टप्प्यात तो लंगडतो आहे हे सगळ्यांना दिसत होते. तरी तो थांबला नाही. रेषा ओलांडली आणि तिथेच खाली बसला. त्याच्या गुणांमुळे आमचे हाऊस दुसरे आले. रात्रीच्या हजेरीला मी सर्वांसमोर त्याची पाठ थोपटली आणि म्हणालो, "बघा रे, हा खरा सामुराई!"

आठ दिवसांनी सकाळी पी.टी.ला त्याला पाय टेकवेना. एम.आय. रूममधून त्याला मोठ्या रुग्णालयात पाठवले. नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला होता, आणि तो एका दिवसात गेलेला नव्हता. डॉक्टरांनी विचारले, "किती दिवस दुखतंय?" तो म्हणाला, "महिना झाला असेल." "मग सांगितलं का नाहीस?" याचे उत्तर त्याने डॉक्टरांना दिले नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "सर, सामुराई दुखतंय म्हणून सांगतो का?"

त्या वेळी मला काही बोलता आले नाही. शब्द माझाच होता. मी इतिहास शिकवतो, आणि तरीही सामुराई म्हणजे कोण हे मी एका चित्रावरून ठरवून टाकले होते. त्या मुलाला द्यायचे राहिलेले उत्तर आज आपल्या अंकाच्या मराठी पानांवर देतो आहे. ते त्याच्या एकट्यासाठी नाही.

आपल्या प्रत्येकाच्या मनात एक जपान असतो. माझ्या लहानपणी तो थोरल्या बहिणीच्या वेण्यांना बांधलेला होता. दोन रंगीत मणी लावलेल्या त्या रबराला घरोघरी 'लव्ह इन टोकियो' म्हणत. १९६६ साली त्या नावाचा हिंदी चित्रपट आला होता. चित्रपट लोक विसरले, रबराचे नाव मात्र राहिले. छात्रांच्या आयांना ते नक्की आठवत असेल. पुढे जपान म्हणजे घड्याळ, रेडिओ आणि टेपरेकॉर्डर झाला. आजच्या मुलांचा जपान डोरेमॉन आणि शिनचॅनपासून सुरू होतो, नारुतोवरून पुढे सरकतो आणि सुट्टीत घरी गेल्यावर संगणकावरच्या तलवारबाजीच्या खेळात येऊन थांबतो. पालकांचा जपान मोबाइलवर येतो: वेळेवर धावणाऱ्या गाड्या, स्वतःचा वर्ग स्वतः झाडणारी मुले, सामना संपल्यावर स्टेडियममधला कचरा उचलणारे प्रेक्षक.

यातले पुष्कळ खरेही आहे. जपानी शाळांत मुले वर्ग झाडतात, आणि विश्वचषकात जपानी प्रेक्षकांनी कचरा उचलताना साऱ्या जगाने पाहिले. माझी हरकत चित्र असण्याला नाही. दूरचा देश मनात चित्राच्या रूपानेच येतो, त्याला इलाज नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की चित्र कोणी काढले आणि कशासाठी काढले हे विचारल्याशिवाय त्याच्यासारखे वागायला जाऊ नये. विशेषतः आपण, ज्यांना उद्या गणवेश घालून माणसांच्या जिवाची जबाबदारी घ्यायची आहे.

आता सामुराईचेच घ्या. सामुराईचा धर्म म्हणून जगभर जो शब्द प्रसिद्ध आहे, तो 'बुशिदो'. हा शब्द जगात पोहोचवणारे पुस्तक १९०० साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले, आणि ते मुळात इंग्रजीत लिहिलेले होते. लेखक इनाझो नितोबे. त्यांचा जन्म १८६२ साली सामुराई घराण्यात झाला खरा, पण ते लहान असतानाच सामुराईंचे विशेष अधिकार संपत आले. तलवार बाळगण्याचा हक्क १८७६ मध्ये कायद्याने गेला. नितोबे शिकले शेतीशास्त्र आणि अर्थशास्त्र. ते ख्रिस्ती, त्यातही युद्धाला विरोध करणाऱ्या क्वेकर पंथाचे होते. आजारपणानंतर अमेरिकेत विश्रांती घेत असताना त्यांनी हे पुस्तक लिहिले. एका युरोपीय विद्वानाने त्यांना विचारले होते, की तुमच्या शाळांत धर्मशिक्षण नाही, मग तुम्ही मुलांना नीती शिकवता तरी कशी? त्या प्रश्नाने ते अस्वस्थ झाले आणि विचार करता करता बुशिदोपर्यंत आले. म्हणजे आपल्या देशाला रानटी समजू नका, आमच्याकडेही तुमच्या सरदारांसारखी नीतीची परंपरा आहे, असे परक्यांना पटवून देण्यासाठी लिहिलेले ते पुस्तक आहे. हेतू चांगला होता. पण रणांगणावर सामुराई प्रत्यक्ष कसा वागला याची ती नोंद नव्हे.

प्रत्यक्षातला सामुराई कसा होता? जुन्या काळी त्याची ओळख तलवारीपेक्षा धनुष्य आणि घोडा ही होती. योद्ध्याच्या मार्गाला जपानी भाषेत 'धनुष्य आणि घोड्याचा मार्ग' म्हणत. १५४३ साली पोर्तुगीजांकडून बंदूक आल्यावर त्याने ती मागेपुढे न पाहता उचलली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तोकुगावा घराण्याचे राज्य स्थिर झाले आणि देशात जवळजवळ अडीचशे वर्षे शांतता नांदली. त्या काळातला सामुराई कमरेला दोन तलवारी लावून कचेरीत जायचा, हिशेब लिहायचा, धान्याच्या नोंदी ठेवायचा. मरणाला सदैव तयार राहा असे सांगणारे 'हागाकुरे' हे प्रसिद्ध पुस्तक याच शांततेतले आहे. ते ज्याच्या तोंडून लिहून घेतले गेले, तो यामामोतो त्सुनेतोमो सागा संस्थानातला एक सेवक होता. त्याने एकही लढाई लढलेली नव्हती. धन्यामागे प्राण द्यायची त्याची इच्छा होती, पण तसे करण्यास बंदी असल्यामुळे तो संन्यास घेऊन राहिला. पुढे सुमारे दोन शतकांनी, १९३० नंतरच्या युद्धकाळात, त्याच पुस्तकाला तरुण सैनिकांसाठी अचानक मोठे महत्त्व आले.

आपल्या छात्रांच्या आवडीचा एक हॉलिवूडपट आहे, २००३ चा 'द लास्ट सामुराई'. त्यात जुने योद्धे तलवारी आणि धनुष्ये घेऊन सरकारी बंदुकांसमोर जातात आणि मरतात. या कथेमागे १८७७ सालचे सात्सुमाचे बंड आहे आणि त्याचा नेता साइगो ताकामोरी. पण खरा साइगो बंदुकीला विटाळ मानणारा नव्हता. जपानचे नवे राष्ट्रीय सैन्य उभे करणाऱ्यांत तो स्वतः होता. त्याच्या माणसांकडे रायफली होत्या, तोफा होत्या. दारूगोळा संपत आला तेव्हा तलवारींवर भिस्त ठेवायची वेळ आली. आणि त्यांना हरवणाऱ्या सरकारी सैन्यात मोठ्या संख्येने सक्तीने भरती झालेली शेतकऱ्यांची मुले होती. चित्रपटात या मुलांना फारसा चेहरा नाही. मोठा भाग न्यूझीलंडमध्ये चित्रित झालेला तो चित्रपट सुंदर आहे, मीही दोनदा पाहिला. पण तो पाहून जपानचा इतिहास समजला असे मानणे म्हणजे लग्नाचा अल्बम पाहून संसार समजला असे मानण्यासारखे आहे.

संगणकावरच्या खेळांचेही तेच. २०२० साली आलेला 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' आमच्या दहावी-अकरावीच्या मुलांना तोंडपाठ आहे. १२७४ सालच्या मंगोल स्वारीवरचा हा खेळ एका अमेरिकी कंपनीने केला. त्यातला नायक हायकू रचतो, आणि हायकू हा प्रकार घडला त्यानंतर चार शतकांनी. गंमत म्हणजे त्सुशिमा बेटालाही हे चित्र आवडले, आणि खेळाच्या दोन दिग्दर्शकांना पर्यटनाचे दूत नेमण्यात आले. २००८ साली जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाने डोरेमॉनला तर रीतसर सांस्कृतिक राजदूत केले. चित्र बाहेरच्यांनी काढावे, आतल्यांनी ते भिंतीवर लावावे आणि पुढे कोणाचे कोणते हे कळेनासे व्हावे, असे हे आहे. पर्यटनापुरते असेल तर त्यात कोणाचे बिघडत नाही. रणांगणावर मात्र अशा चित्रांची किंमत मोजावी लागली आहे, आणि ती आपल्याच सैनिकांनीही मोजली आहे.

१९४१ पर्यंत पाश्चात्य जगात जपानी सैनिकाचे चित्र हास्यास्पद होते. तो बुटका, जाड भिंगांचा चष्मा लावणारा. त्याला रात्री नीट दिसत नाही, त्याची विमाने नकलेची. व्यंगचित्रांत तो माकड म्हणून यायचा. डिसेंबर १९४१ मध्ये त्याच जपानी विमानांनी ब्रिटिशांच्या दोन मोठ्या युद्धनौका बुडवल्या, आणि १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. हजारो भारतीय सैनिक युद्धकैदी झाले. मग चित्र एका रात्रीत उलटले. आता जपानी सैनिक जंगलातला अतिमानव झाला. त्याला भूक नाही, झोप नाही, भीती नाही. पहिल्या चित्राने सैन्याला बेसावध ठेवले, दुसऱ्याने त्याचे धैर्य खचवले. माणूस दोन्ही चित्रांत नव्हता.

त्या वेळी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जनरल स्लिम यांच्या चौदाव्या सेनेपुढे एक मोठे काम होते ते हे अतिमानवाचे चित्र पुसण्याचे. या सेनेत सर्वांत मोठा भाग भारतीयांचा होता. स्लिम यांनी ते भाषणांनी पुसले नाही. आधी छोट्या गस्ती, छोटे विजय, मग मोठे. जंगलात राहायचे शिक्षण. विमानाने रसद. आणि हिवतापाच्या गोळ्या! जवान गोळी घेतो की नाही हे तपासले जाई, आणि ज्या पलटणीत हयगय सापडली तिच्या कमांडिंग ऑफिसरला पद सोडावे लागे. जवानाची तब्येत हा केवळ डॉक्टरचा विषय नाही, ती अधिकाऱ्याची जबाबदारी आहे, हा त्यामागचा विचार.

समोरच्या बाजूला काय चालले होते? मार्च १९४४ मध्ये जनरल मुतागुची यांनी तीन डिव्हिजन घेऊन इंफाळ-कोहिमाकडे कूच केले. सोबत सुमारे तीन आठवड्यांचे अन्न. तेवढ्या दिवसांत इंफाळची कोठारे हाती येतील हा हिशेब. गुरांचे कळप हाकत न्यायचे, ओझे त्यांच्या पाठीवर आणि गरज पडली तर खायला तीच, अशी योजना होती. त्यातली कितीतरी जनावरे चिंदविन नदी ओलांडताना आणि डोंगर चढताना गेली. रसदीचे काय, असे विचारणाऱ्यांना जिद्द कमी पडते आहे असे ऐकावे लागे. सामुराईच्या चित्रावर एका सेनापतीने आख्खी मोहीम उभी केली होती.

या मोहिमेच्या वाटेवर सांगशाक नावाचे एक गाव लागते. तिथे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण लढली. पाण्याची टंचाई, तारांचे अडथळे नाहीत, खडकाळ जमिनीत खोल खंदक खणता येईनात. तरीही त्यांनी जपानी तुकड्यांना काही दिवस रोखून धरले, आणि ते दिवस कोहिमा-इंफाळच्या बचावाला मोलाचे ठरले. आपल्या पानांचा वाचक मराठी आहे म्हणून हे मुद्दाम सांगतो. सातारा-रत्नागिरीकडच्या त्या जवानांनी कुठल्या चित्रातल्यासारखे मरायचे ठरवले नव्हते. त्यांना जागा धरायची होती. ती धरवेनाशी झाली तेव्हा त्यांना माघारीचा हुकूम मिळाला, आणि जे वाचले ते पुन्हा लढायला उरले.

कोहिमासमोरच्या जपानी एकतिसाव्या डिव्हिजनचे प्रमुख होते जनरल सातो. त्यांचे सैनिक शौर्यात तसूभरही कमी नव्हते. त्यांच्याशी लढलेल्यांनीच तसे लिहून ठेवले आहे. पण त्यांच्याकडे तांदूळ नव्हता, गोळ्या नव्हत्या, औषधे नव्हती. मे महिन्याच्या अखेरीस सातोंनी वरिष्ठांचा हुकूम नसताना आपली डिव्हिजन मागे घ्यायला सुरुवात केली. त्यांना पदावरून काढले. लष्करी न्यायालयापुढे मात्र उभे केले नाही, मानसिक स्थिती ठीक नाही असे ठरवून प्रकरण मिटवले. तिन्ही डिव्हिजनचे प्रमुख त्या मोहिमेत बदलले गेले. परतीच्या वाटेवर भूक, आव आणि हिवताप यांनी हजारो जपानी सैनिक मेले. त्यांच्याबरोबर आलेल्या आझाद हिंद सेनेच्या जवानांनाही तेच भोगावे लागले. त्या मोहिमेतल्या जपानी मृतांचा आकडा ३०,००० च्या आसपास सांगतात, आणि त्यात गोळीपेक्षा उपासमारीने आणि रोगाने गेलेले अधिक.

सैन्य पोटावर चालते हे आपण पाचवीपासून ऐकतो. मुतागुचींनीही ते ऐकले असणार. पण डोळ्यांसमोर चित्र फार मोठे असले की ताट दिसत नाही.

हुकूम मोडणे चांगले, असे मी सांगत नाही. शिस्तीच्या शाळेत तसे लिहून मी माझीच पंचाईत कशाला करून घेऊ! मी एवढेच सांगतो की सातोंवर ती वेळ आली, कारण खालून वर खरे सांगण्याची वाट आधीच बंद झाली होती. 'दुखतंय' म्हणायला जिथे लाज वाटते, तिथे आधी हाड मोडते आणि मग मोहीम.

आणखी एक गोष्ट छात्रांनी लक्षात घ्यावी. हे चित्र फाडायचे सर्वांत धीट काम जपानी कलावंतांनीच केले आहे. अकिरा कुरोसावा यांचा 'सेव्हन सामुराई' हा १९५४ चा चित्रपट पाहा. सातांपैकी चार सामुराई मरतात, आणि चारही बंदुकीच्या गोळीने. त्यात तलवारीत अजोड असलेला योद्धाही आहे. त्याचे कौशल्य त्याला वाचवत नाही. गाव वाचते ते टेहळणीमुळे, कुंपणामुळे, नकाशामुळे आणि शेतकऱ्यांना शिकवलेल्या कवायतीमुळे. आपल्या मैदानावर उस्ताद रोज घसा कोरडा करून जे सांगतात, तेच.

शिगेरु मिझुकी हे नाव कॉमिक्स वाचणाऱ्यांना माहीत असेल. भुताखेतांच्या त्यांच्या गोष्टींवर जपानमधल्या मुलांच्या पिढ्या वाढल्या. ते तरुणपणी सक्तीने सैन्यात गेले, न्यू ब्रिटन बेटावर हिवतापाने आजारी असताना बॉम्बहल्ल्यात त्यांचा डावा हात गेला. उरलेल्या एका हाताने त्यांनी जन्मभर चित्रे काढली. १९७३ साली त्यांनी आपल्या अनुभवावर एक चित्रकथा लिहिली. त्यात एका तुकडीला मरेपर्यंत चढाई करायचा हुकूम मिळतो. काही जण वाचतात. पण सगळ्यांनी वीरमरण पत्करले अशी वर्दी आधीच वर गेलेली असते, म्हणून वाचलेल्यांची अडचण होते आणि त्यांना पुन्हा मरायला पाठवले जाते. चित्र आधी तयार झाले आणि मग माणसांना त्यात बसवले गेले, हे याहून स्पष्ट कोणी सांगितलेले मला ठाऊक नाही.

कामिकाझे हा शब्द तर आपल्याकडे शाबासकीसारखा वापरला जातो. ऑक्टोबर १९४४ मध्ये, युद्ध हातचे गेल्यावर, हे आत्मघाती हल्ले सुरू झाले. त्या वैमानिकांत कितीतरी जण विद्यापीठांतले विद्यार्थी होते. आदल्याच वर्षी त्यांची भरतीतली सवलत काढून घेतली होती. युद्धात मेलेल्या अशा विद्यार्थ्यांच्या पत्रांचा संग्रह १९४९ साली जपानमध्ये निघाला. त्यात आईची आठवण आहे, अर्धवट राहिलेली पुस्तके आहेत, शंका आहेत, जगायची इच्छा आहे. ते भित्रे नव्हते. पण चित्रात दिसतात तसे मरणाच्या प्रेमात पडलेलेही नव्हते. ती आमच्या बारावीतल्या मुलांसारखीच मुले होती, दोन-चार वर्षांनी मोठी.

आता समोरच्यांचे म्हणणे. हा लेख लिहिण्याआधी मी आमच्या एका निवृत्त सुभेदार साहेबांशी बोललो. ते म्हणाले, "सर, पोरांना कुणीतरी वीर डोळ्यांसमोर लागतोच. तुम्ही तारखा सांगून त्यांचा सामुराई मारलात, तर त्याच्या जागी काय देणार? थोडं दुखलं की एम.आय. रूममध्ये रांग लावणारी पलटण मलाही नको." त्यांचे म्हणणे मला निम्मे पटले. आदर्श हवाच. अंगदुखीला कुरवाळत बसणाराही सैनिक होत नाही. मी त्यांना विचारले, "साहेब, तुमच्या नोकरीत पाय सोललेला जवान लपवून चालत राहिला, तर तुम्ही त्याला काय म्हणायचात?" ते हसले. म्हणाले, "शिव्या द्यायचो. गस्तीत मधेच बसला तर त्याला उचलायला चार माणसं लागतात." उत्तर त्यांच्याकडेच होते. सहन करणे आणि लपवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात आपण भार उचलतो, दुसऱ्यात तो न सांगता दुसऱ्याच्या खांद्यावर टाकतो.

पालकहो, हे तुम्हालाही लागू आहे. जपानी मुले अशी, जपानी कामगार तसे, असे निरोप तुम्ही सुट्टीत मुलांना वाचून दाखवता. त्याच देशाला अतिकामाने होणारे मृत्यू रोखण्यासाठी २०१४ साली वेगळा कायदा करावा लागला, हेही त्यांना सांगा. अशा मृत्यूसाठी जपानी भाषेत स्वतंत्र शब्द आहे, 'कारोशी'. देशाची शिस्त दाखवायची तर तिची किंमतही दाखवली पाहिजे, नाहीतर मुलगा फक्त एवढेच शिकतो की थकलो म्हणणे हा गुन्हा आहे.

मग जपानकडे बघायचे कसे? आपल्याकडे याचे एक उदाहरण शंभर वर्षांपूर्वीचे आहे. १९०५ साली जपानने रशियाला हरवल्यावर भारतभर उत्साहाची लाट आली होती. जो तो जपानच्या तलवारीचे आणि तोफांचे कौतुक करत होता. त्यानंतर काही वर्षांनी पुण्याच्या धोंडो केशव कर्वे यांच्या हाती तोक्योच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका पडली. कर्व्यांनी ती बारकाईने वाचली. तिथे कोणते विषय शिकवतात, शिकवण्याची रचना कशी आहे, आपल्याकडे त्यातले काय जमेल, हे पाहिले. १९१५ च्या सामाजिक परिषदेत अध्यक्षपदावरून त्यांनी ती कल्पना मांडली आणि १९१६ साली मातृभाषेतून शिकवणारे महिला विद्यापीठ सुरू झाले. कर्व्यांनी जपानचे चित्र भिंतीवर लावले नाही. त्यांनी जपानला प्रश्न विचारले आणि कामाचे तेवढे घेतले. परक्या देशाचा याहून मोठा आदर दुसरा नाही असे मला वाटते.

छात्रांनो, म्हणून सामुराई सोडा असे मी म्हणणार नाही. खेळ खेळा, चित्रपट पाहा, चित्रकथा वाचा. फक्त प्रत्येक वेळी तीन प्रश्न विचारा. हे कोणी बनवले? कोणासाठी बनवले? आणि यात कोण दिसत नाही? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. बहुतेक वेळा न दिसणाऱ्यांत स्वयंपाकी असतो, खेचरवाला असतो, डॉक्टर असतो आणि घरी वाट बघणारी आई असते. ज्या अधिकाऱ्याला ही माणसे दिसतात, त्याच्यामागे जवान डोळे झाकून जातात.

तो मुलगा आता बरा आहे. दोन महिने त्याने मैदानाच्या कडेला बसून धावणाऱ्यांच्या वेळा लिहिल्या. या मोसमात तो पुन्हा हाऊसच्या संघात आहे. मी रात्रीच्या हजेरीला सर्वांसमोर सांगितले की त्या दिवशी मी चुकीच्या गोष्टीची पाठ थोपटली. मास्तरने असे म्हणावे का, याची मला आधी धास्ती होती. मुलांनी ते माझ्यापेक्षा सहज घेतले.

परवाच्या रविवारी तपासणीत त्याचे कपाट उघडले. सामुराई अजून तिथेच आहे, पावसात तसाच उभा. त्याच्या शेजारी मात्र वहीच्या पानाची एक चिठ्ठी चिकटवलेली दिसली. तिच्यावर एम.आय. रूमच्या वेळा लिहिलेल्या होत्या. नियमाप्रमाणे मला दोन्ही काढायला सांगायला हवे होते. मी दार लावले आणि पुढच्या कपाटाकडे गेलो.

जय हिंद.